पाण्यापल्याडची माहेरवाशीण

यंदा मीठ लवकर धरलं आहे. मुलुंडच्या पूर्वेला, रुळांपलीकडे, जिथे वस्ती संपते आणि खाडीकाठचं खाजण सुरू होतं, तिथल्या मिठागराच्या वाफ्यांच्या कडांना पौष अर्धा व्हायच्या आतच पांढरी किनार आली. आणखी काही दिवसांनी आगरी बाया लांब दांड्याच्या फळ्या घेऊन उतरतील, तळाशी बसलेलं मीठ ओढत काठाला आणतील, आणि खाडीच्या बाजूला एकामागून एक पांढऱ्या राशी उभ्या राहतील. सकाळी त्या बाजूने वारा सुटला की ओठ खारट लागतात. चाळीच्या अंगणात वाळत घातलेले कपडे त्या वाऱ्याने कडक होतात. दोरीवरून पायजमा काढला तर वाटतं, हा सोडला तर आपल्या पायांवर उभा राहील.

लहानपणी आम्ही या दिवसांत बांधावर जाऊन मिठाचे खडे चोरायचो. अंकुश आणि मी. चिंचेच्या बोटुकाबरोबर ते खडे चोखताना जिभेला चरे पडायचे. मिठागराचा रखवालदार ओरडत यायचा आणि अंकुश पळता पळता मागे वळून त्याला नमस्कार करायचा. त्या नमस्काराने रखवालदार जास्त चिडायचा. ऊन पडलं की त्या राशींकडे बघवत नसे. डोळे दिपायचे. पुढे अंकुशने हजारो मैलांवरच्या बर्फातून लिहिलं, ‘आई, इथे सगळीकडे आपलं मिठागर पसरलंय असं वाटतं, पण या मिठाला चव नाही.’ तेव्हापासून मला या राशी नुसत्या मिठाच्या दिसत नाहीत.

अंकुश आमच्या शेजारच्या खोलीतला. त्याचे वडील गिरणीत होते, तो शाळेत असतानाच गेले. आई, म्हणजे आमच्या चाळीची काकी, चार घरची धुणी धुऊन त्याला सातवीपर्यंत घेऊन गेली. मग तो लष्कराच्या वैद्यकीय पथकात लागला. कोरियात लढाई पेटली तेव्हा आपल्या देशाने बंदुका घेतलेले शिपाई पाठवले नाहीत, जखमींची सेवा करणारं पथक पाठवलं. त्यात हा गेला. निघताना काकी रडायला लागली तेव्हा तो म्हणाला, “आये, मी लढूक नाय जातंय. पडलेल्यांका उचलूक जातंय. उचलणाऱ्याक कोण मारता?”

काकीला वाचता येत नव्हतं. त्याची पत्रं मी वाचायचो. आमच्या घरात वाचणं हीच एक श्रीमंती होती. वडील युनियनचं काम करायचे आणि पत्रकांचे गठ्ठे घरी आणायचे. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरून. फळीवर डब्यांच्या खाली पत्रकं, भाकरीच्या टोपलीत पत्रकं, आजीच्या पोथीच्या वेष्टनालाही पत्रक. ‘झालंच पाहिजे’ हे दोन शब्द मला ‘आई’ आणि ‘बाबा’ यांच्या पाठोपाठ वाचता आले असतील. एक्कावन्न सालच्या त्या पौषात मी घाटकोपरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो, रविवारी लाल बावट्याच्या अभ्यासवर्गाला जात होतो आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाला एका पानात बसणारं उत्तर असतं अशी माझी खात्री होती.

पत्र आलं ते एका दुपारी. पोस्टमनने नेहमीप्रमाणे माझ्याच हातात दिलं. काकी विहिरीवरून आली होती, हात ओले होते. तिने ते पदराला पुसले आणि उंबऱ्यावर बसली. पत्र ऐकायचं म्हणजे ती पाहुणा आल्यासारखी सावरून बसायची.

सुरुवात रिवाजाची होती. तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, मी खुशाल आहे, काळजी करू नये. मग एक ओळ लष्कराच्या तपासनीसाने काळ्या शाईने पुसलेली. आणि मग हे:

‘आम्ही ते मोठं शहर सोडलं. उत्तरेकडून फौज खाली येते आहे म्हणून हुकूम आला. आमच्या पुढे माणसं, आमच्या मागे माणसं. बायांच्या डोक्यावर बोचकी, पाठीला पोरं. इथले म्हातारे पांढरे कपडे घालतात, त्यामुळे लांबून वाटतं की बर्फच उठून चालायला लागलंय. एकाच्या पाठीवर शिवणयंत्र होतं. एक जण दाराची चौकट घेऊन चालला होता, दार नव्हतं. आमच्याबरोबर एक दुभाषा आहे. त्याच्याकडून मी एका म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही कुणाला भिऊन पळताय? तो म्हणाला, फौजेला. मी विचारलं, कुठल्या? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, येणाऱ्या. गेल्या खेपेला दुसरी आली होती, तेव्हाही तो असाच निघाला होता. वरून विमानं जातात तेव्हा सगळे खाली बसतात आणि मग उठून परत चालतात.’

अंगणात धुणं, भांडी, पोरं यांचे आवाज चालू होते. मी वर बघितलं. काकी म्हणाली, “वाच.”

‘आई, आमच्याकडे एक म्हातारी यायची. म्हातारी म्हणजे तुझ्याएवढी. आमच्या जखमींच्या मलमपट्ट्या ती नदीवर धुऊन आणायची. नदी गोठलेली, तिला भोक पाडून त्या पाण्यात. लाकडी फळीने बडवायची, अगदी तू बडवतेस तशी, खांद्यापासून हात उचलून. आम्ही गाड्या भरत होतो तेव्हा ती आली. मला वाटलं, गाडीत घ्या म्हणून सांगायला आली. गाडीत जखमींनाच जागा पुरत नव्हती आणि बाहेरच्या कुणाला घ्यायचं नाही असा हुकूम होता. मी मान फिरवली. तर तिने माझी बाही ओढली आणि धुतलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा हातात दिला. थंडीने लाकडासारखा झाला होता. काम पुरं करून द्यायला आली होती, दुसरं काही मागायला नाही. पूल लष्कराच्या गाड्यांसाठी होता. ती काठावर उभी राहिली. गाडीत शेगडीवर त्या पट्ट्या आम्ही सैल केल्या आणि त्याच दिवशी वापरल्या.’

मी पत्राची घडी घालायला लागलो.

“फुडे वाच,” काकी म्हणाली.

“पुढे नाही काही.”

“ती काठार उभी रवली. फुडे?”

“पुढे ‘तुझा अंकुश’ आहे, काकी.”

“नीट बघ. दुसऱ्या बाजूक लिवल्यान असतला.”

मी कागद उलटा करून दाखवला. मागे आमच्या चाळीचा पत्ता होता. काकीने त्या पत्त्यावरून बोट फिरवलं. जणू कागदाला अजून एखादी घडी असेल, ती उलगडायची राहिली असेल. मग उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. खाऱ्या वाऱ्याने कडक झालेला एक सदरा तिने हातात धरला, दाबून पाहिला आणि मला हाक मारली. “रघू, पट्ट्यो अश्यो झाल्यो असतल्यो काय रे?”

त्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न होता. ती पलीकडे गेली का? मुलाबद्दल तिने विचारलं नाही असं नाही, पण मुलगा गाडीत बसून पलीकडे गेला हे पत्रातच होतं. ही गेली का, ते नव्हतं. मी कामावरून आलो की ती दाराशी यायची. “पेपरात काय असा?” पेपरात नकाशे असायचे. एक लांबट देश, त्याच्या कमरेवर आडवी रेघ, आणि वरून खाली येणारे जाडजूड काळे बाण. बाणाच्या टोकाशी फौजेचं नाव. मी तिला सांगत होतो, हे इथून इथे आले, ते तिथून तिथे हटले. तिला अक्षरं कळत नव्हती, पण बाण कळला. तिने त्या बाणाच्या पोटाखाली बोट ठेवलं.

“ती हय असा?”

“असेल तिथेच कुठेतरी.”

“ह्येच्या खाली?”

छापखान्यात असे बाण मी स्वतः बसवले आहेत. ते शिशाचे असतात, चिमट्यात धरून उलटे लावावे लागतात, आणि शाई लागली की सुंदर उठतात. बाणाखाली कोण आहे ते दाखवणारा खिळा आमच्या पेटीत नव्हता. तो कुठल्याच छापखान्याच्या पेटीत नसतो. फौजा ‘आगेकूच करतात’, आघाडी ‘सरकते’, शहर ‘पडतं’. शहर पडतं म्हणजे काय होतं, हे लिहायचं असेल तर एका बाईच्या हातातल्या पट्ट्यांपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढी जागा कुठल्याच स्तंभात नसते.

मला राग येत होता, आणि रागाचं काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. मी पत्रक लिहायचं ठरवलं. काकीची परवानगी घेऊन पत्र नकलून घेतलं आणि रविवारी अभ्यासवर्गात नेलं. वर्ग घेणाऱ्यांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता.

“रघू, फार चांगलं आहे. विमानांचं छाप, जखमींचं छाप. फक्त हे ‘येणाऱ्या’ काढ.”

“का?”

“अरे, येणारी फौज कुणाची आहे? जनतेची ना? जनता जनतेला भिऊन पळेल का?”

“पळतेय ना. लिहिलंय ना त्याने.”

“एका म्हाताऱ्याचं बोलणं आहे ते. गोंधळलेला असेल.”

“आणि चौकट घेऊन निघालेला? तोपण गोंधळलेलाच?”

सर हसले. “तू पत्रक लिहितोयस की कादंबरी?”

चाळीच्या कोपऱ्यातल्या खोलीत भाऊसाहेब नावाचे सरकारी कारकून राहायचे. संध्याकाळी पाय धुऊन ओट्यावर बसले की ते जगाचा निकाल लावायचे. त्यांच्या कानावर पत्र गेलंच होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. “हे छाप की रे. तुझ्या लाल लोकांना भिऊन माणसं घरंदारं सोडतायत, हे कळू दे मुलुंडला. ते विमानांचं मात्र राहू दे. लढाईत ते चालायचंच.”

“विमानाखाली बसलेली माणसं तीच आहेत, भाऊसाहेब.”

“तू म्हणजे ना,” ते म्हणाले, “कुणाचाच नाहीस.”

दोघांनाही पत्र अर्धंच हवं होतं, आणि दोघांच्या अर्ध्यात ती म्हातारी बसत नव्हती. एका अर्ध्यात ती मुक्त झाली होती, दुसऱ्यात ती पळून वाचली होती. काठावर उभी असलेली कुणालाच नको होती. मी ते पत्रक केलं नाही. आजही मला वाटतं, पूर्ण पत्र छापायला कुणी तयार असता तर मी रात्रंदिवस खिळे जुळवले असते. पण पत्रकाला खाली एक मागणी लागते, आणि मागणी कुणाकडे तरी करावी लागते. सरकारकडे, मालकाकडे, जनतेकडे. एका बाईला नदी पार करून द्या, हे मी कुणाकडे मागणार होतो?

काकीला मात्र कुणाकडे मागायचं ते ठाऊक होतं. अडचण तिथेही निघाली.

आमची निम्मी चाळ एका कोकणी गावची. पौषात त्या गावची जत्रा असते. ज्यांना रजा मिळत नाही ते चाकरमानी त्या संध्याकाळी चाळीच्या अंगणात जमतात, तुळशीपुढे नारळ ठेवतात आणि वडीलधारा माणूस गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगितलेलं काम. कोण आजारी, कोण परदेशी, कुणाचं लग्न अडलं, ते एकेक सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे ते काम नानांचं. नाना गिरणीत मागावर होते आणि मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की देवाला कानावर हात ठेवावे लागले असते.

काकी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, अंकुशचं घाला, आणि त्या बाईचंही घाला.

नाना विचारात पडले. त्यांनी थट्टा केली नाही. “नाव काय तिचा?”

“लिवल्यान नाय.”

“गाव?”

“पुसून टाकलेला असा.”

“थयलो राखणदार देव कोण?”

काकीने नकारार्थी मान हलवली. नाना म्हणाले, “बाये, देवाक पत्तो लागता. आपल्या देवाची हद्द आपल्या शिवेपर्यंत. परक्या शिवेत तो पाय ठेवचो नाय. थयल्या देवाक सांगूक होया, तर त्येचा नाव तरी होया.”

मी शेजारीच उभा होतो. माझ्या तोंडावर एक टोमणा आला होता, तो मी गिळला. कारण मला दिसलं, नानांचीही अडचण तीच होती जी माझी होती. त्यांच्याकडेही मागणी होती आणि पाठवायला पत्ता नव्हता. देशादेशांच्या हद्दी आखणाऱ्यांनी त्या बाईला एका रेघेच्या अलीकडे ठेवलं होतं, आणि आमच्या देवालाही रेघ ओलांडायची मुभा नव्हती.

जत्रेच्या दिवशी सकाळी नाना स्वतःच काकीच्या दाराशी आले. रात्रभर विचार केला असावा. “सुचला माका,” ते म्हणाले. “तिका आपली माहेरवाशीण मानूया. गावची लेक. माहेरवाशीण लगीन होवन खय पण जाऊंदे, गावचो देव तिच्या वांगडा जाता. तिका हद्द नाय.”

काकीचा चेहरा उजळला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ती फक्त म्हणाली, “मगे ओटी भरूक होयी.”

असा एका कोरियन धुणेवालीला कोकणात जन्म मिळाला. त्या संध्याकाळी, मिठागरावरून येणाऱ्या वाऱ्यात, नाना तुळशीपुढे उभे राहिले. गिरणीतले, गोदीतले, कचेरीतले, सगळे चपला काढून हात जोडून उभे. बायका मागे. आधी आजाऱ्यांचं झालं, नोकऱ्यांचं झालं, अंकुशचं झालं. मग नानांनी घसा साफ केला.

“तशीच बा देवा म्हाराजा, आपली एक माहेरवाशीण लांब थंडीच्या मुलखात असा...”

“व्हय म्हाराजा.”

“नदीच्या काठार उभी असा. येणाऱ्या फौजेच्या तोंडार असा...”

“व्हय म्हाराजा.”

“तिका पाण्यापल्याड ने.”

“व्हय म्हाराजा.”

भाऊसाहेबही म्हणाले. मी म्हटलं नाही. मी देव मानत नव्हतो आणि जे मानत नाही ते तोंडाने म्हणायचं नाही हे मला वडिलांनी शिकवलं होतं. पण इतकं नक्की की त्या अंगणात, त्या क्षणी, ‘येणाऱ्या फौजेच्या तोंडार’ हे शब्द कुणी कापायला सांगितले नाहीत. फौज कुणाची, हेही कुणी विचारलं नाही.

ओटीचं अडलं. खण-नारळाची ओटी सवाष्णीची भरतात. ही सवाष्ण की विधवा? काकीने मला पत्र लिहायला बसवलं. “लिही, तिका घोव असा काय नाय ता कळव.” मी म्हटलं, “काकी, तो लढाईत आहे, त्याला हे विचारायचं?” ती म्हणाली, “मगे काय विचारू? बंदुकेचा?” मी लिहिलं. त्याचं उत्तर काही महिन्यांनी आलं: आम्ही आता दुसरीकडे आहोत, आता उन्हाळा आहे, इथे ताकाची फार आठवण येते. म्हातारीबद्दल एक अक्षर नाही. काकीने मग स्वतःच ठरवलं, कळेपर्यंत सवाष्ण. तिने खण आणला, नारळ आणला, मूठभर तांदूळ घेतले, आणि स्वतः विधवा म्हणून शेजारच्या एका सवाष्णीच्या हातून ते पाटावर ठेवले. नारळ फोडून वाटला, तांदूळ शिजवले. खण ट्रंकेत गेला.

पुढच्या पौषात दुसरा खण. आणि त्याच्या पुढच्या पौषात आणखी एक. नकाशावरचे बाण खाली आले, वर गेले, पुन्हा खाली आले, मग एका रेघेशी दमल्यासारखे थांबले, आणि पेपरांनी तो देश आतल्या पानावर ढकलला. काकीने मला विचारणं सोडलं नाही. फक्त आता ती वर्तमानपत्राच्या वेळेला नाही, मिठाच्या वेळेला विचारायची. राशी दिसायला लागल्या की म्हणायची, “थय पण पडला असतला आता.” बर्फ हा शब्द तिने कधी वापरला नाही. तिच्या लेखी तिथेही मीठच पडत होतं.

अंकुश परत आला तो खणांची चांगली चळत साठल्यावर. काळवंडलेला, जाड झालेला, कमी बोलणारा. चाळीने हार घातले. काकीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला आत नेलं, पाणी दिलं, आणि त्याने तांब्या खाली ठेवायच्या आत विचारलं, “ती गेली काय रे पल्याड?”

“कोण?”

“ती. म्हातारी.”

“कुठची म्हातारी, आये?”

मी दारात उभा होतो. काकीने त्याला सगळं सांगितलं. नदी, पूल, पट्ट्यांचा गठ्ठा, काठ. त्याचंच पत्र त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता. तो ऐकत होता, जमिनीकडे बघत. मग म्हणाला, “तशो खूप होत्यो गो. एक काय.”

“तुझ्यो खूप असतीत,” काकी म्हणाली. “माझी एकच असा.”

तिने ट्रंक उघडली नाही. मला वाटलं होतं उघडेल.

मी त्याच्यावर चिडलो होतो तेव्हा. ज्या बाईसाठी इथे एका चाळीने देवाची हद्द वाढवून घेतली, तिला हा विसरला कसा? आता वाटतं, तो तरी काय करणार होता. काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला लक्षात ठेवायचं तर माणसाला पुढची जखम बांधता येणार नाही. तो आता ठाण्याकडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात आहे. मशीनमध्ये बोटं गेलेल्यांना पट्ट्या बांधतो. बांधताना बोलत नाही म्हणतात.

आणि मी? मी या काही वर्षांत खूप पत्रकं लिहिली. भाड्यासाठी, बोनससाठी, पाण्याच्या नळासाठी, भाषेच्या राज्यासाठी. काही मागण्या मिळाल्या. नळ आला. मला पत्रकाची लाज वाटत नाही, कधी वाटली नाही. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्याकडे निदान एक पान असावं. पण मधूनच पेपरात दुसऱ्या कुठल्यातरी देशाचा नकाशा येतो, त्यावर बाण असतो, आणि माझं बोट आपोआप त्याच्या पोटाखाली जातं. बाण कुणाचा आहे यावर मी वाद घालू शकतो, अजूनही घालतो, तासन्‌तास घालतो. खाली बोट ठेवलं की वाद सुचत नाही.

काल जत्रा होती. नानांचा आवाज गेला आहे. इतकी वर्षं छातीत बसलेला कापूस आता बाहेर बोलू देत नाही. चार शब्द बोलले की खोकतात. दुपारी काकी माझ्याकडे आली. म्हातारी झाली आहे, धुणी सोडली आहेत. “बाकीचा ते घालतीत कसाबसा,” ती म्हणाली. “तिचा तू घाल.”

“काकी, मी देव मानत नाही. तुला ठाऊक आहे.”

“देवाक मानू नको,” ती म्हणाली. “तिका मान.”

गेल्या इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत हरवलेलं नाही.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. वारा खाडीवरून होता आणि दोरीवर कुणाचे तरी कपडे राहिले होते, ते वाऱ्यात न फडफडता नुसते हलत होते, पाट्यांसारखे. नानांनी थांबत थांबत आपलं संपवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मैदानात बोललो आहे, गिरणीच्या फाटकावर बोललो आहे, पण तुळशीपुढे उभं राहिल्यावर माझा आवाज कुणाच्या दिशेने टाकावा ते कळेना. समोर कुणीच नव्हतं. मागे चाळ होती. मी म्हटलं, “आमची एक बाई नदीच्या काठावर उभी आहे.”

“व्हय म्हाराजा,” चाळ म्हणाली.

“अजून उभी आहे. ती पलीकडे गेली का, आम्हाला कळलेलं नाही.”

“व्हय म्हाराजा.”

यापुढे मला एक मागणी सुचायला हवी होती. सुचली नाही. ‘तिला ने’ असं मी कुणाला म्हणणार होतो, आणि आता, सात-आठ वर्षांनी, कुठून कुठे? खोकण्याचा आवाज आला, तो नानांचा. मग माझ्या अगदी पाठीमागून दुसरा आवाज आला, खाली मान घालून बोलणाऱ्याचा.

“तिका सांग,” अंकुश म्हणाला, “पट्ट्यो पोचल्यो म्हणान.”

मी मागे वळलो नाही. काकीही वळली नसावी, कारण तिच्या लुगड्याची सळसळ ऐकू आली नाही.

“तिला सांग,” मी म्हटलं, “पट्ट्या पोचल्या.”

क्षणभर कुणाला कळलं नाही की यावर काय म्हणायचं असतं. मग एकाने म्हटलं, मग सगळ्यांनी.